शर्यतीच्या कडेचा मुक्काम

मोटारींची शर्यत पाहायला जाणे आणि शर्यतीच्या मुक्कामाला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत प्रेक्षक तिकीट दाखवून आत शिरतो, नेमून दिलेल्या खुर्चीवरून दोन तास गाड्यांचा वेग पाहतो आणि शेवटचा झेंडा पडताच वाहनतळाकडे धावतो. दुसरीत तो दोन-चार दिवस आधीच पोहोचतो, शर्यतमार्गाच्या कडेला एखाद्या मैदानात किंवा शेतात जागा धरतो, तिथेच रांधतो, तिथेच झोपतो, सरावाच्या इंजिनांच्या आवाजाने जागा होतो आणि शर्यत संपल्यावरही एक रात्र राहून मगच परतीला लागतो. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हा दुसरा प्रकार शर्यतींइतकाच मुरलेला आहे आणि त्यासाठी मोटारहोम भाड्याने घेण्याची रीतही तिथे रुळली आहे. मोटारहोम म्हणजे ज्याच्या एकाच सांगाड्यावर इंजिन, चालकाची जागा, पलंग, ओटा आणि संडास-मोरी असते असे वाहन. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या घराला तिकडे कॅराव्हॅन म्हणतात आणि लहान व्हॅनमध्ये बसवलेल्या घराला कॅम्परव्हॅन. भारतात मात्र या तिन्हींना सर्रास कॅराव्हॅन म्हटले जाते आणि सरकारी धोरणातही तोच शब्द आहे. फॉर्म्युला वनच्या जगात ‘मोटारहोम’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. पूर्वी तिथले संघ पाहुण्यांच्या सरबराईसाठी बसगाड्यांत फेरफार करून आणत असत. आता त्या जागी अनेक ट्रकांतून सुटे भाग आणून उभारलेल्या दुमजली-तिमजली इमारती असतात, पण नाव मोटारहोमच राहिले आहे. या लेखाचा विषय पहिल्या, साध्या अर्थाचे मोटारहोम हा आहे.

मुंबईच्या मालाड उपनगराला चाकांवरचे घर अपरिचित नाही. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था मालाडमध्ये उभी केली, तेव्हापासून या उपनगराचा चित्रीकरणाशी संबंध आहे. आजही मढ, मार्वे, आक्सा आणि एरंगळच्या रस्त्यांवर बंगल्यांच्या कुंपणांना लागून लांबलचक व्हॅनिटी व्हॅन उभ्या दिसतात. व्हॅनिटी व्हॅन म्हणजे कलाकारांच्या रंगभूषेसाठी, कपडे बदलण्यासाठी आणि दोन दृश्यांच्या मधल्या विश्रांतीसाठी बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या वातानुकूलित खोल्या. हिंदी चित्रपटसृष्टीत त्या आणण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लन यांना दिले जाते. त्याआधी बाह्यचित्रीकरणाच्या वेळी अभिनेत्रींना कपडे बदलण्यासाठी झाडाआडची किंवा कुणाच्या घरातली जागा शोधावी लागे, हे लक्षात घेतले तर या वाहनाला निव्वळ चैन म्हणता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबल्यावर यांतल्या काही व्हॅन मुंबईच्या नाकाबंदीच्या ठिकाणी उभ्या करण्यात आल्या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना, विशेषतः महिला पोलिसांना, त्यांचा विसावा मिळाला.

असे असले तरी व्हॅनिटी व्हॅन हे मोटारहोम नव्हे, आणि हा फरक समजून घेतल्याशिवाय शर्यतीच्या मुक्कामाची तयारी करता येत नाही. व्हॅनिटी व्हॅन दिवसभर एका जागी उभी राहते, तिची वीज जनरेटरवर चालते, टाकीत पाणी भरायला माणसे असतात आणि रात्री ती रिकामी होते. मोटारहोमला हे सगळे स्वतःच्या पोटात वाहून न्यावे लागते. त्यात स्वच्छ पाण्याची साधारण शंभर लिटरची टाकी असते. मुंबईकराच्या अंघोळीच्या सवयीने ती एका दिवसात संपते आणि बेताने वापरली तर चौघांना दोन दिवस पुरते. भांडी घासल्याचे आणि अंघोळीचे पाणी वेगळ्या टाकीत साठते. संडासाचा मैला पंधरा-वीस लिटरच्या एका बंद पेटीत जमा होतो. ही पेटी गाडीच्या बाहेरच्या बाजूने खणासारखी ओढून काढता येते आणि नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामी करायची असते. दिवे आणि पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि ती बॅटरी गाडी धावताना किंवा छपरावरच्या सौर पत्र्यावर भरते. वातानुकूलन यंत्र किंवा मायक्रोवेव्ह चालवायचा तर तळावरच्या खांबाला केबल जोडून घरगुती दाबाची वीज घ्यावी लागते. या जोडणीला तिकडे ‘हुक-अप’ म्हणतात आणि जागा आरक्षित करताना हुक-अप आहे की नाही हा पहिला प्रश्न असतो.

गॅसची टाकी नेहमी वेगळ्या कप्प्यात असते आणि त्या कप्प्याच्या तळाला भोके असतात, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली साचतो. पुष्कळ मोटारहोममधले फ्रिज गॅसच्या ज्योतीवरही चालतात, पण गाडी तिरकी उभी असेल तर ते नीट थंड करीत नाहीत. म्हणून शेतात गाडी लावल्यावर पहिले काम चाकाखाली पाचरी सरकवून ती सपाट करण्याचे असते. थंडीच्या रात्री ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवणे किंवा शेजारचा जनरेटर खिडकीजवळ चालू देणे जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. हे तपशील रुक्ष वाटतील, पण शर्यतीचा मुक्काम सुखाचा होतो की दुःखाचा, हे शर्यत कोण जिंकते यापेक्षा यांवरच अधिक ठरते.

भारतातले कायदेही हळूहळू या वाहनाकडे वळले आहेत. केंद्र सरकारच्या वाहनमानकांत मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात कॅराव्हॅन हे वाहन आणि कॅराव्हॅन पार्क, म्हणजे पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेला वाहनांचा तळ, या दोन्हींचा विचार आहे. भाड्याच्या कॅराव्हॅन बहुधा मालवाहू किंवा प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर या कामी बरीच वापरली जाते, आणि वाहनासोबत चालकही येतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला एकूण साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाचे व्यावसायिक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते असा निर्णय दिला, त्यामुळे भाड्याची लहान कॅराव्हॅन स्वतः चालवण्यातली परवान्याची एक मोठी अडचण तरी दूर झाली. युरोपात हीच सीमा साडेतीन हजार किलोंची आहे. साध्या मोटारीच्या परवान्यावर तेवढ्याच वजनापर्यंतचे मोटारहोम चालवता येते, आणि त्या वजनात माणसे, पाणी, तांदळाच्या पिशव्या आणि प्रेशर कुकर हे सगळे धरलेले असते.

मुंबईचा मोटारक्रीडेशी संबंध जुना आहे. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ साली याच शहरात स्थापन झाली आणि मालाडहून फार दूर नसलेल्या जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर एकेकाळी शर्यतीही झाल्या. पण या शहराने शर्यतीचा सर्वात मोठा मुक्काम पाहिला तो डिसेंबर १९६८ मध्ये. लंडन ते सिडनी या मॅरेथॉनसाठी २४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधून ९८ गाड्या निघाल्या; पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली असे टप्पे घेत त्यांतल्या ७२ मुंबईला पोहोचल्या, आणि इथे त्या चुसान या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलकडे रवाना करण्यात आल्या. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना आघाडीवर होती, तरी सिडनीत विजयी ठरली ती अँड्र्यू कोवन, कॉलिन माल्किन आणि ब्रायन कॉइल यांची हिलमन हंटर. या स्पर्धेत मोटारहोम नव्हते, कारण स्पर्धेची गाडी हेच घर होते: एकजण चालवी, दुसरा नकाशा वाची आणि तिसरा मागच्या जागेत अंग दुमडून झोपे. कोवनची साधी कौटुंबिक गाडी जिंकली यात तिच्या विश्वासार्हतेइतकाच त्या तिघांनी वाटून घेतलेल्या झोपेचाही वाटा असणार, असे मानायला जागा आहे.

पुढे मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली. रॅली म्हणजे बंदिस्त मार्गावर फेऱ्या मारण्याऐवजी गावोगावच्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने घड्याळाशी लढली जाणारी शर्यत. अशा शर्यतीत मुक्काम अटळच असतो, कारण स्पर्धक रोज नव्या गावी पोहोचतो. दुरुस्तीची वाहने, यांत्रिकी आणि स्वयंपाक त्याच्या मागोमाग चालतात. महाराष्ट्रात नाशिकने राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या भरवल्या आहेत आणि गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात चिखल-ओढ्यांतून चालणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चारचाकींची स्पर्धा झाली आहे. स्पर्धक, सेवावाहने आणि पंच यांचे तळ या स्पर्धांत पडतात. प्रेक्षकांचा तळ मात्र पडत नाही, आणि भारतीय मोटारक्रीडेतली खरी उणीव इथे आहे.

ही उणीव कशी निर्माण झाली हे दोन धावपट्ट्यांच्या इतिहासातून दिसते. इंग्लंडमधले सिल्व्हरस्टोन हा दुसऱ्या महायुद्धातला लष्करी विमानतळ होता. युद्धानंतर तिथे शर्यती सुरू झाल्या आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत तिथेच झाली. मद्रासजवळचे शोलावरम हीसुद्धा युद्धकाळातलीच धावपट्टी होती, आणि मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने कित्येक दशके तिथे शर्यती भरवल्या. दोन्हींची सुरुवात जवळजवळ सारखी होती: मोकळे रान, सिमेंटची पट्टी आणि कडेला उभे राहिलेले लोक. पुढे सिल्व्हरस्टोनच्या आसपासच्या शेतांत तंबू आणि मोटारहोम स्थिरावले आणि यजमानांनीच त्या तळांचे रीतसर नियोजन केले. शोलावरमची परंपरा १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईच्या बांधीव मार्गावर गेली, जो ३.७ किलोमीटरचा असून आजही देशातल्या शर्यतींचा कणा आहे, पण तिथला प्रेक्षक संध्याकाळी घरी जाणाराच राहिला.

दिल्लीजवळच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गाने तर ही सवय बदलण्याची मोठी संधी आणली होती. हर्मन टिल्के यांनी आखलेल्या या ५.१२५ किलोमीटरच्या मार्गावर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली भारतीय ग्रां प्री झाली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला आले होते आणि सरावाचा पहिला दिवस बरोबर भाऊबीजेचा होता. पहिल्याच सत्रात मार्गावर एक भटका कुत्रा आल्याने सराव काही वेळ थांबवावा लागला. तिकिटे अडीच हजार रुपयांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. रविवारी सुमारे ९५ हजार लोक आले, सेबास्टियन फेटेल जिंकला आणि २०१२ व २०१३ मध्येही तोच जिंकला. त्यानंतर शर्यत परत आली नाही. उत्तर प्रदेश शासनाने ती क्रीडा न मानता करमणूक मानली, त्यातून करांचे वाद वाढले, आणि २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वनच्या कंपनीचे भारतात करपात्र कायम आस्थापन होते असा निर्णय दिला, तोवर शर्यत थांबून तीन वर्षे होऊन गेली होती. २०२३ मध्ये तिथेच मोटोजीपीची दुचाकी शर्यत झाली ती २२ ते २४ सप्टेंबर, म्हणजे गौरीपूजनाच्या दिवसापासून पुढे. उकाड्यामुळे तिच्या फेऱ्या २४ वरून २१ वर आणाव्या लागल्या. मराठी घरातल्या कुटुंबप्रमुखाला भाऊबीज किंवा गौरी सोडून चौदाशे किलोमीटरवर जाणे किती कठीण आहे, याचा विचार जागतिक वेळापत्रक आखणाऱ्यांनी करावा अशी अपेक्षा नाही. पण सणाच्या दिवसांतच लोक सहकुटुंब घराबाहेर काढता येतात आणि त्यासाठी त्यांना कुटुंबासह उतरण्याची जागा द्यावी लागते, ही गोष्ट इथल्या यजमानांना कळायला हवी होती. मार्ग बांधला, भव्य प्रेक्षागार बांधले, पण तळ बांधला नाही. म्हणून शर्यत थांबली तेव्हा तिच्यासाठी हळहळणारे लोक फार थोडे होते, कारण ती कुणाच्या वर्षाचा भाग बनलेलीच नव्हती.

तळाने काय घडते हे ल मान्समध्ये सर्वात स्पष्ट दिसते. फ्रान्समधल्या या शहराच्या कडेला १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते आणि तिच्या १३.६ किलोमीटरच्या मार्गाचा मोठा भाग वर्षभर साधा सार्वजनिक रस्ता असतो. शर्यत जूनमध्ये शनिवारी दुपारी सुरू होऊन रविवारी दुपारी संपते, आणि एका गाडीला तीन चालक आळीपाळीने चालवतात. मार्ग एवढा लांब की कुणीही प्रेक्षक कुठल्याही एका जागेवरून त्याचा लहानसा तुकडाच पाहू शकतो. साडेतीन मिनिटांनी तीच गाडी पुन्हा समोर येते. अशा शर्यतीत खुर्चीवर बसून राहण्यात अर्थ नसतो. मेझों ब्लांश, ऊ, तेर्त्र रूज, आर्नाज अशा नावांचे तळ मार्गाच्या निरनिराळ्या वळणांशी जोडलेले आहेत आणि अनेक मंडळी वर्षानुवर्षे त्याच तळावर, शक्यतो त्याच शेजाऱ्यांच्या बाजूला उतरतात. रात्री दोन वाजता मोटारहोमच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेल्या माणसाला पुढच्या वळणावर ब्रेकच्या तबकड्या लालबुंद झालेल्या दिसतात, इंजिनांच्या आवाजावरून कोणती गाडी कुठल्या कारखान्याची हे ओळखू येऊ लागते, आणि पहाटे धुक्यात मंदावलेला वेग पुन्हा उजाडताना वाढलेला ऐकू येतो. शर्यतीचा हा भाग तिकिटाच्या खुर्चीवरून मिळत नाही. तो तिथे झोपणाऱ्यालाच मिळतो. २०१२ मध्ये चेन्नईचा करुण चंढोक ल मान्समध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक ठरला आणि त्याचा संघ सहावा आला, तेव्हा तळावर तिरंगा लावणारे किती होते याची नोंद नाही, पण लावण्याजोगी जागा मात्र होती.

या परंपरेला एक गंभीर बाजूही आहे. ११ जून १९५५ रोजी ल मान्सला एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर मार्ग आणि माणसे यांच्यातल्या अंतराचा विचार जगभर नव्याने झाला. आजचे तळ भिंती, जाळ्या आणि मोकळ्या पट्ट्यांच्या मागे असतात ते त्या दिवसामुळे. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या जंगलातल्या जुन्या मार्गावर, जो एकटाच वीस किलोमीटरहून लांब आहे, १९७० पासून चालणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी लोक कित्येक दिवस आधी येऊन परांचीचे मनोरे बांधतात, त्यावर घरातला जुना सोफा चढवतात आणि जाळीच्या मागून शर्यत पाहतात. ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टला डोंगरमाथ्यावरच तळ असतो. तिथे माणशी रोज किती दारू आणता येईल यालाही मर्यादा घातलेली आहे, कारण मुलेबाळे घेऊन येणाऱ्या कुटुंबांची झोप जपणे यजमानांना आवश्यक वाटले.

मराठी माणसाला तळ ठोकणे शिकवावे लागत नाही, हे इथे आग्रहाने सांगायला हवे. आषाढीच्या वाटेवर आळंदी आणि देहूहून निघालेल्या पालख्यांसोबत लाखोंचा समुदाय दररोज नव्या गावी उतरतो. ‘पालखी तळ’ हा शब्द सरकारी कागदांत आहे, त्यासाठी जमिनी राखलेल्या आहेत, आणि दिंडीचा ट्रक हा तर मोटारहोमचा मराठी अवतारच आहे: त्यात तंबू, शिधा, पाण्याची टाकी, भांडी आणि आजारी वारकऱ्याला पडायला जागा असते. दुपारचा थांबा म्हणजे विसावा, रात्रीचा तो मुक्काम, असे काटेकोर शब्दही तिथे घडले आहेत. शर्यतीचा मुक्कामही नवा नाही. खेड, जुन्नर, आंबेगाव आणि मावळच्या बैलगाडा शर्यतींत ज्या चढाच्या मार्गाला घाट म्हणतात त्याच्या आजूबाजूला बैलांचे टेम्पो, वैरणीचे भारे, पाले आणि चुली मांडलेल्या असतात आणि आपली बारी, म्हणजे धावण्याची पाळी, येईपर्यंत माणसे तिथेच राहतात. २०१४ च्या बंदीनंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी त्यांचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या इतक्या वर्षांनंतरही घाट पुन्हा भरले, याचे एक कारण म्हणजे तिथे जाणे ही केवळ पाहण्याची गोष्ट कधीच नव्हती.

खुद्द मालाडमध्ये याचे एक उदाहरण आहे. एरंगळच्या समुद्रकाठी १५७५ सालचे संत बोनाव्हेंचर यांचे चर्च आहे आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. ईस्ट इंडियन आणि कोळी कुटुंबे पूर्वी वसई, उत्तन, गोराई, मनोरीकडून होड्यांनी आणि साष्टीच्या गावांतून बैलगाड्यांनी तिथे येत, गाडीच्या सावलीत चुली मांडत आणि दिवस तिथेच काढत. छपराची सजवलेली बैलगाडी, तिच्यातले अंथरूण, खाली टांगलेला कंदील आणि मागे बांधलेली भांडी ही रचना मोटारहोमपासून तत्त्वतः वेगळी नाही. फरक एवढाच की मोटारहोमला सपाट करायला पाचर लागते आणि बैलगाडीला जू टेकवायला दगड लागत असे.

मालाडहून निघणाऱ्या कुटुंबाने प्रत्यक्ष कुठे जावे, याचे उत्तर शाळेच्या वेळापत्रकात दडलेले आहे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, आणि ल मान्स नेमके त्याच सुमारास येते. सिल्व्हरस्टोन बहुधा जुलैत, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर येते. मोनॅकोची शर्यत २०२५ पर्यंत बहुधा मे महिन्यात होत असे, पण ती शहरी रस्त्यांवरची असल्याने मोटारहोमसाठी निरुपयोगी आहे. अमेरिकेतली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत मेच्या अखेरीला एका रविवारी होते आणि तिच्या भोवतीच्या मैदानांत मोटारहोमांची रांग लागते. मात्र तिथे रस्त्याची उजवी बाजू, प्रचंड आकाराच्या गाड्या आणि लांबचा विमानप्रवास हे सगळे एकदम अंगावर येते. या सर्वांत मराठी कुटुंबाला सर्वात सोयीचे ठिकाण बाथर्स्ट आहे. सिडनीपासून ते सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते, इंग्रजीतला भारतीय परवाना पर्यटकाला चालतो, सिडनी आणि मेलबर्नमध्ये मराठी मंडळी भरपूर आहेत, आणि एक हजार किलोमीटरची ती शर्यत ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नवरात्र-दसऱ्याच्या आगेमागे होते. मोटारहोम घेताना बहुतेक ठिकाणी चालकाच्या किमान वयाची अट, मोठी अनामत रक्कम आणि दिवसाच्या किलोमीटरांची मर्यादा असते. परत देताना सांडपाण्याची टाकी रिकामी नसेल तर वेगळी आकारणी होते. शर्यतीच्या तळावरची जागा आधी आणि वाहन नंतर आरक्षित करावे, उलट क्रमाने नव्हे, कारण वाहन दुसरीकडे मिळू शकते पण तळाची जागा कधीकधी आदल्या वर्षीच संपलेली असते. सोबत कुकर, तांदूळ, मेतकूट आणि थालीपीठाची भाजणी असावी. हे सगळे विमानतळावर जाहीर करावे, कारण ऑस्ट्रेलियात अन्नपदार्थांची तपासणी फार कडक असते.

राहतो प्रश्न देशातल्या तळाचा. इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचा कारी मार्ग, ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग, किंवा पुण्याजवळ कधी उभा राहिला तर तिथला मार्ग, यांपैकी कुठेही दोनशे गाड्यांचा तळ उभारायला काय लागेल, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. गाडीला रोज शंभर लिटर पाणी धरले तर वीस हजार लिटर लागतील, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर; संडासाच्या पेट्या रिकाम्या करायला एक बंद टाकी आणि ती उपसणारी एक गाडी; विजेचे पन्नास खांब, ज्यांना प्रत्येकी चार जोडण्या; आग विझवण्याचे एक वाहन, एक दवाखाना, रात्री फिरणारे दोघे-चौघे पहारेकरी आणि जनरेटर रात्री दहाला बंद करण्याचा नियम. पालखी तळावर एका रात्रीत याच्या कित्येक पट व्यवस्था उभी राहते आणि सकाळी मोडली जाते. मे महिन्यात पाणीकपात असताना मालाडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकातून दोन टँकर तर सकाळच्या चहाआधीच आत गेलेले असतात.